मातीतला जंतू आणि मधुमेही माणूस

मधुमेह हा आता घरोघरचा रोग झाला आहे. साखर वर्ज्य करावी, पायांना जपावे, एवढे पथ्य बहुतेकांस ठाऊक असते. परंतु पावसाळ्यातील चिखलाशी या रोगाचा काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

1911 साली रंगून येथे आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी या दोघा डॉक्टरांना शवांच्या तपासणीत एक नवा जंतू आढळला. ते रोगी बहुतेक मॉर्फियाची सुई टोचून घेणारे, खंगलेले लोक होते. या जंतूचे आजचे नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, आणि रोगाचे नाव मेलिऑयडोसिस. हा जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात राहतो. जखमेतून, श्वासावाटे किंवा दूषित पाण्यावाटे तो शरीरात शिरतो. एका माणसापासून दुसऱ्यास तो क्वचितच लागतो. तेव्हा रोग्यास दूर ठेवण्याचे कारण नाही.

निरोगी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी अशा जंतूस बहुधा अडवितात. पण मधुमेह आटोक्यात नसेल, मूत्रपिंडे वा यकृत बिघडले असेल, मद्यपान अति असेल, किंवा स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ चालू असतील, तर हा पहारा ढिला पडतो. मग जंतू रक्तात मिसळतो आणि फुप्फुस, यकृत, प्लीहा, सांधे अशा दूरदूरच्या ठिकाणी पू धरतो. कधी तो वर्षानुवर्षे निपचित राहतो व शक्ती खचताच डोके वर काढतो.

खरी अडचण निदानाची आहे. ताप, खोकला, वजन घटणे, फुप्फुसावर डाग, ही सारी लक्षणे क्षयासारखीच. त्यामुळे क्षयाची औषधे सुरू होतात आणि मोलाचा काळ जातो. भारतात या रोगाची नोंद 1991 साली मुंबईतील एका लहान मुलात झाली. जगात दरवर्षी सुमारे 1,65,000 लोकांस तो होतो व 89,000 दगावतात, असा अंदाज 2016 साली प्रसिद्ध झाला.

रक्ताचे किंवा पुवाचे कल्चर केले म्हणजे हा जंतू ओळखता येतो. नेहमीची पुष्कळ प्रतिजैविके तो जुमानीत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम हे औषध निदान दहा ते चौदा दिवस शिरेतून द्यावे लागते. पुढे कोट्रायमोक्साझोलच्या गोळ्या सुमारे तीन महिने. बरे वाटले म्हणून त्या मध्येच सोडल्या, तर रोग उलटतो.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आपल्या बडोद्यातील अनेक वस्त्यांत शिरले. ते ओसरल्यावर गाळ उपसण्यास लहानथोर सारेच वाकले. अशा वेळी मधुमेही माणसाने शक्यतो ते काम दुसऱ्यावर सोपवावे. करणे भागच असेल तर रबरी बूट व हातमोजे घालावेत, जखम झाकावी, पाणी उकळून प्यावे. आणि पुढे ताप रेंगाळला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता दोन गोष्टी सांगाव्यात: मला मधुमेह आहे, आणि मी चिखलात काम केले आहे. एवढ्या दोन वाक्यांनी निदानाची दिशा बदलू शकते.