किल्ले-राजवाड्यांची सहल? यंदा तंजावर-जिंजी करा

राजवाडे बघायचे म्हटलं की आपल्याकडे सगळे राजस्थान गाठतात. मी सांगेन, एकदा तमिळनाडू करा.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर कोरलाय. चक्क मराठीत, देवनागरीत! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. परवा तिथे एक शाळकरी मुलगी अक्षरं लावून मोठ्याने वाचत होती. ऐकून अंगावर काटा आला, म्हणून ही पोस्ट.

तंजावरचा राजवाडा मूळचा नायकांचा, पुढे मराठ्यांचा. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं आणि मोडी कागद जपलेत. संग्रहालय घाईत उरकू नका.

मग जिंजी. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला हा किल्ला पुढे राजाराम महाराजांची राजधानी झाला. मोगलांचा वेढा वर्षानुवर्षं चालला. किल्ला पडला तो १६९८ मध्ये. तीन डोंगर, त्यांना जोडणारी तटबंदी. राजगिरी सकाळीच चढा, नंतर दगड तापतो. पाणी भरपूर घ्या.

२०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच.

मुक्काम, रस्ते, काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.