सवलत दुकानात, कामगार मागावर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिरले की यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. सोलापूरची चादर आणि टॉवेल इथे विणले जातात. मागावर उभ्या असलेल्या माणसाला बाजाराला जायला वेळ कुठला?

समजा, शहरातल्या एका दुकानदाराने पाटी लावली : 'कामगार व परिचारिका यांना शेकडा १० सवलत. ओळखपत्र घेऊन स्वतः दुकानात यावे.' पाटी वाचून बरे वाटते. पण दुकान सकाळी १० ला उघडते आणि रात्री ८ ला मिटते. दिवसपाळीचा कामगार तेव्हा कामावर असतो. रात्रपाळीचा झोपलेला असतो. ३०० रुपयांच्या मालावर ३० रुपये वाचतात, आणि रिक्षाला जाऊन-येऊन ६० लागतात. मग वाचले काय?

दुकानदार लबाड आहे, असे मात्र लगेच म्हणू नका. त्यालाही ओळखपत्र पाहावे लागते. माल घरपोच करायचा तर माणूस ठेवावा लागतो. सवलतीचा तोटा त्यालाच सोसायचा असतो. पण ज्याच्या नावाने सवलत, त्यालाच ती घेता येत नसेल, तर तिला न्याय कसे म्हणावे? सर्वांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला, असे नाही. नियम पाळणे ज्याला त्याला जमलेही पाहिजे.

हे दुखणे आपल्याकडचेच नाही. २०२० साली कोरोनाची साथ आली. इंग्लंडात लोकांनी भराभर सामान भरून ठेवले. रुग्णसेवा करून परिचारिका दुकानात गेल्या, तर फळ्या रिकाम्या! तेव्हा मोठ्या दुकानांनी त्यांच्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवली. म्हणजे वेळ ही सुद्धा सवलतच आहे.

त्याच इंग्लंडात रॉचडेल नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तिथे १८४४ साली २८ जणांनी सहकारी दुकान काढले. त्यांत विणकर बरेच होते. सुरुवातीला ते दुकान आठवड्यातून दोनच दिवस, संध्याकाळी उघडत असे. का? तर कामकरी माणूस तेव्हाच मोकळा होई. नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या मानाने वाटून दिला जाई.

आपले रेशन दुकान पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. इथेही अंगठा दुकानात जाऊनच द्यावा लागतो. पण कार्डावर नाव असलेले, आधार जोडलेले घरातले कुणीही माणूस गेले तरी चालते. 'एक देश, एक रेशन कार्ड' या योजनेमुळे कामाच्या गावीही धान्य घेता येते. नियम थोडा सैल केला की किती घरांची सोय होते, पाहा!

म्हणून सवलतीची पाटी दिसली की तीन प्रश्न विचारा. माझ्या सुट्टीच्या वेळी दुकान उघडे असते का? माझ्याऐवजी घरचे माणूस गेले तर चालेल का? जाण्यायेण्याचा खर्च वजा जाता हाती काय उरते?

उत्तर 'नाही' आले, तर गप्प बसू नका. चार-दहा जण मिळून दुकानदाराला भेटा. म्हणावे, "शेटजी, सुट्टीच्या दिवशी तासभर आमच्यासाठी ठेवा, किंवा घरच्यांना कार्ड दाखवून माल घेऊ द्या." गिऱ्हाईक वाढणार असेल, तर शहाणा दुकानदार ऐकतो. एकट्याचे बोलणे वाऱ्यावर जाते, दहांचे कानावर पडते.