राजवाडा कुणाचा?

गढी, वाडा, राजवाडा म्हटले की आपल्यापुढे घराण्यांच्या वंशावळीच ठेवल्या जातात. सांगलीचा तट-खंदकाचा गणेशदुर्ग पटवर्धनांचा. सातारचा राजवाडा छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा. वास्तूचा इतिहास मालकाच्या नावापाशी संपतो काय?

गावोगावच्या वेशींवर रात्रभर पहारा दिला तो वेसकराने. राखण त्याची, पण आत जाण्यास त्यालाच मज्जाव! हे महारवतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने जायला मात्र 1958 साल उजाडले.

सातारच्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तेथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव नोंदले गेले: भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर क्रमांक 1914. राजाच्या वास्तूत त्याला प्रवेश मिळाला, समता मिळाली नाही. बसायला घरून आणलेले गोणपाट. नळाला हात लावायची बंदी. शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

वारसा म्हणून वाडे जपावेत, यात दुमत नाही. पण भिंती जपायच्या आणि उंबऱ्यावरचा अन्याय पुसायचा, हे आम्हाला मान्य नाही. माहितीफलकावर राजाच्या नावाशेजारी वेसकर हवा, दगड वाहणारे हात हवेत आणि ते गोणपाटही हवे. बांधवांनो, मुलांना तेथे न्या. हा इतिहास तुम्हीच सांगा.