तारांच्या कुंपणांतील वसाहत

सोलापुरांत ‘सेटलमेंट’ हा शब्द घरोघर ठाऊक आहे. त्याच्या पाठीमागचा कायदा मात्र आतां थोड्यांच्याच स्मरणांत असेल.

१८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ सालीं त्याचा अंमल मुंबई इलाख्यावरहि बसविण्याची सोय केली. या कायद्याला गुन्हा घडण्याची वाट पाहावी लागत नसे. टोपल्या विणणाऱ्या कैकाड्याच्या, जात्याला टांकी लावणाऱ्या टकाऱ्याच्या किंवा पारध्याच्या पालांत मूल जन्मास आलें, एवढाच पुरावा पुरे! नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेत, त्याला हजेरी द्यावी लागे आणि परगांवीं जावयाचें तर पास लागे.

सोलापुरीं वसाहत वसली, त्यांत गिरण्यांचा वांटा मोठा होता. सरकारला हे फिरते लोक एका जागीं बसवावयाचे होते, आणि गिरण्यांना मजूर हवे होते. वसाहतींत शाळा होती, पोटाला काम होतें, हें नाकारणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु साच्यावर दिवसभर इमानानें राबलेला मनुष्य परततांच पुन्हा कुंपणाआंतला संशयित ठरे.

हें केवळ परक्या सत्तेचें पाप, असें मात्र समजूं नये. यूरोपांतील रोमा लोक सुमारें हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थानांतून तिकडे गेले, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. त्यांच्या बोलींत पाण्याला आजहि ‘पानी’ म्हणतात. फ्रान्सनें १९१२ सालीं आपल्याच देशांतील फिरस्त्यांवर ठशांची व शरीराच्या मापांची पुस्तिका जवळ बाळगण्याची सक्ती केली. ती १९६९ सालीं गेली, पण तिच्या जागीं आलेलीं प्रवासपत्रें २०१७ पर्यंत टिकलीं. २०१० सालीं त्याच देशानें रोमांच्या वस्त्या मोडून शेंकडों माणसें रुमानिया-बल्गेरियास धाडलीं. वस्तुतः तीं दोन्ही राष्ट्रें २००७ पासून यूरोपीय संघांत होतीं.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला व हे लोक ‘विमुक्त’ म्हणविले गेले. पुढें कागदांचें कुंपण आलें. विदर्भांतील कैकाडी अनुसूचित जातींत मोडतो, सोलापूरचा कैकाडी विमुक्त जातींत. जात एक, सोयरीक एक, सवलती निराळ्या. शिवाय विमुक्तांस जातीच्या दाखल्यासाठीं १९६१ पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजे वसाहतींत डांबले गेले, त्यांची निदान सरकारदरबारीं नोंद तरी झाली. जे त्या कुंपणांतून निसटून माळोमाळ पाल ठोकीत हिंडले, त्यांच्या नातवानें कोणत्या गांवचा उतारा आणावा?