चारांत एक म्हणजे काय?

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात आनुवंशिकी शिकवतो. परीक्षेआधीच्या उजळणीत एक प्रश्न हमखास घालतो : आई-वडील दोघंही सिकलसेलचे वाहक, म्हणजे स्वतः निरोगी; पहिलं मूल आजारी. पुढच्याचं काय?

‘चारांत एक झालं, आता तीन निरोगी,’ असं निम्मा वर्ग लिहितो. चूक! आईच्या दोन जनुकांपैकी एक, वडिलांच्या दोनांपैकी एक; प्रत्येक गर्भाच्या वेळी चिठ्ठी नव्यानं निघते. धोका पुन्हा २५ टक्केच. मेंडेलला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले वाटाणे मिळाले, तेव्हा कुठे ३:१ दिसलं. घरात मुलं किती असतात?

नंदुरबारकडच्या एका मुलीनं पुढे लिहिलं होतं, ‘लग्नाआधी दोघांचं रक्त तपासावं.’ तिचा भाऊ सिकलसेलचा रुग्ण. आदर्श उत्तरात ते वाक्य नव्हतं. मी गुण दिले.