पहिले बहात्तर तास मेंदूचे

सातव्या महिन्यात जन्मलेल्या, जेमतेम किलोभर वजनाच्या बाळाच्या तळपायाला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, एक लाल दिवा गुंडाळलेला असतो. मॉनिटरवर आकडा झळकतो : ९२. काचेबाहेर उभ्या असलेल्या बापाचा जीव भांड्यात पडतो. पण हा आकडा रोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढंच सांगतो. ते रक्त मेंदूला पुरेसं मिळतंय का, हे त्यावरून कळत नाही. आणि इतक्या लहान बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत मोठी भीती असते ती मेंदूचीच.

मेंदूच्या मधोमध पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेला, पोटातल्या बाळात, नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो. त्याला जर्मिनल मॅट्रिक्स म्हणतात. त्यातल्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या, म्हणून त्यांच्या भिंतीही अगदी पातळ. साधारण ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत हा थर विरून जातो. बाळ २८ आठवड्यांच्या आत जन्माला आलं, तर तो अजून जागेवरच असतो आणि रक्तस्राव बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. थोडा असला तर तो जिरून जातो. पोकळ्या रक्ताने भरून फुगल्या किंवा शेजारच्या मेंदूलाही इजा झाली, तर पुढे हातापायांचा ताठरपणा, सेरेब्रल पाल्सी, शिकण्यातल्या अडचणी मागे लागू शकतात.

वाहिन्या फुटतात त्या मुख्यतः प्रवाहाच्या चढउताराने. मोठ्या माणसाचा रक्तदाब खाली-वर झाला तरी मेंदूतल्या रोहिण्या आकुंचन-प्रसरण पावून आतला प्रवाह सांभाळून घेतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात, विशेषतः ते आजारी असेल तर, ही यंत्रणा कच्ची असते. दाब पडला की मेंदूचं रक्त घटतं, चढला की लोंढा येतो. त्यात कार्बन डायऑक्साइडची भर. तो रक्तात वाढला की मेंदूतल्या वाहिन्या रुंदावतात, घटला की आवळतात. म्हणजे व्हेंटिलेटरने श्वास थोडे जास्त दिले तरी मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो.

हे सगळं बाहेरून दिसत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत लू-अ‍ॅन पपिल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव सापडला. त्यांनी पाडलेल्या चार श्रेणी डॉक्टर आजही वापरतात. आता त्यासाठी बाळाला स्कॅनच्या यंत्राकडे न्यावं लागत नाही. आपल्याकडे आज्या जी टाळू तेलाने भरतात, तिथे अजून हाड नसतं. त्याच जागी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की बाळ काचेच्या पेटीत असतानाच मेंदू दिसतो. डॉप्लरने रक्ताचा वेगही मोजता येतो. १९८३ मध्ये जेफ्री पर्लमन आणि जोसेफ व्होल्प यांच्या गटाने श्वासाच्या त्रासाने आजारी असलेली ५० बाळं अशी तपासली. ज्या २३ बाळांच्या मेंदूतला वेग सतत खालीवर होत होता, त्यांतल्या २१ जणांना रक्तस्राव झाला. वेग स्थिर असलेल्या २७ जणांत तो सातच जणांना झाला.

पण सोनोग्राफी म्हणजे एका क्षणाचा फोटो. चोवीस तास लक्ष ठेवायला नीर्स हे तंत्र आलं. त्याचा पाया फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये घातला. कपाळावरच्या चिकटपट्टीतून अवरक्ताच्या जवळचा प्रकाश आत सोडतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. परत आलेल्या प्रकाशावरून मेंदूच्या त्या भागात किती ऑक्सिजन आहे याचा अंदाज मिळतो. पायावर ९२ आणि कपाळावर ५० असं दिसलं, तर डॉक्टर शोध सुरू करतात : रक्तदाब पडलाय का, हिमोग्लोबिन कमी आहे का, कार्बन डायऑक्साइड उतरलाय का, हृदयाजवळची डक्टस ही वाहिनी उघडी राहिली आहे का?

मग हा मॉनिटर लावला की मेंदू वाचतो का? कोपनहेगनच्या गोर्म ग्रायसन यांच्या पुढाकाराने झालेल्या सेफबूज अभ्यासांनी नेमका हाच प्रश्न घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात १६६ बाळं होती. नीर्सनुसार उपचार केल्यावर मेंदूतला ऑक्सिजन सुरक्षित पट्ट्याबाहेर जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. आशा वाढली. २०२३ मध्ये १७ देशांतल्या १,६०१ बाळांचा मोठा निकाल आला. मृत्यू किंवा मेंदूला गंभीर इजा यांचं प्रमाण नीर्सच्या गटात ३५.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ३४ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

याचा अर्थ यंत्र टाकाऊ आहे असा नाही. आकडा घसरला हे ते सांगतं. पण त्यावर करायचे उपाय मोजके, आणि प्रत्येकाचे स्वतःचे धोके. पहारेकऱ्याने चोर दिसल्याची हाळी दिली, तरी घरात दार लावायला कुणी हवं.

दार लावणारे उपाय साधे आहेत आणि बरेचसे जन्माआधीचे. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की मुदतीआधी प्रसूती होणार असेल तर आईला दिलेलं स्टेरॉइड बाळाची फुप्फुसं तयार करतं. त्याने मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो, हे पुढे सिद्ध झालं. आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. ती स्वस्त आहेत आणि सरकारी दवाखान्यातही मिळतात. फार लवकरच्या प्रसूतीआधी दिलेलं मॅग्नेशियम सेरेब्रल पाल्सीचा धोका घटवतं. जन्मानंतर नाळ लगेच न कापता किमान अर्धा-एक मिनिट थांबणं, बाळाला उबेत ठेवणं, विनाकारण हलवाहलव टाळणं, श्वास आणि रक्तदाब यांना अचानक झटके बसू न देणं, ही काळजी त्यानंतरची.

म्हणून घरच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सातव्या-आठव्या महिन्यात पोटात कळा आल्या, अंगावरून पाणी गेलं किंवा रक्त गेलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच आईला एनआयसीयू असलेल्या रुग्णालयात हलवा. जन्मानंतर अ‍ॅम्ब्युलन्सच्या धक्क्यांतून बाळाला नेण्यापेक्षा त्याच्या मेंदूसाठी ते कितीतरी सुरक्षित आहे. आणि तिथे पोचल्यावर आवर्जून विचारा : स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं का?