बडोद्याचं स्पिटफायर, 'ब्रदर'चं नॅट

शिरपूरच्या वैमानिक शाळेची छोटी विमानं चोपड्यावरून जातात, तेव्हा रेडिओवर त्यांची ओळख म्हणजे 'व्हीटी'ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं. लढाऊ विमानाला असं उघड नाव सांगून चालत नाही. शत्रू कान लावून बसलेला असतो. म्हणून त्या उड्डाणापुरता एखादा शब्द ठरतो आणि त्यापुढे आकडा. शब्द छोटा हवा, गोंगाटातही नीट ऐकू यायला हवा, शेजारच्या तुकडीच्या नावाशी त्याची गल्लत होता कामा नये. हा झाला कॉलसाइन. स्क्वाड्रनचं नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

दुसऱ्या महायुद्धात यातली काही नावं देणगीतून आली. 5,000 पौंडांना एक स्पिटफायर, असा ब्रिटनचा हिशेब होता. देणाऱ्याचं नाव विमानाच्या अंगावर रंगवलं जाई. रक्कम मोठी असली, की अख्खी स्क्वाड्रनच त्या नावाची होई. मुंबईच्या नावाने 122 आणि 132, बडोद्याच्या नावाने 124. मालेगावजवळच्या कवळाण्यातून दत्तक गेलेल्या सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते. 124 (बडोदा) मे 1941 मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅसलटाउनला उभी राहिली. तिच्या बोधचिन्हावर मुंगूस आहे! आपल्या बांधावर सापाला भिडणारा हा प्राणी परक्या आभाळात लढणाऱ्यांनी मिरवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण संस्थानांच्या तिजोऱ्या रयतेच्या साऱ्यावर भरत, हेही त्या नावामागे वाचायला हवं.

वैमानिकांच्या मेसमध्ये पडणाऱ्या टोपणनावांना मात्र पैसा लागत नाही. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली. 18 व्या स्क्वाड्रनचे, म्हणजे 'फ्लाइंग बुलेट्स'चे निर्मलजितसिंग सेखों आपलं नॅट विमान घेऊन त्यांना भिडले आणि धारातीर्थी पडले. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. सोबती त्यांना 'ब्रदर' म्हणत.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 निवृत्त झालं, तेव्हा हवाई दलप्रमुख अमरप्रीतसिंग 'बादल-3' या कॉलसाइनने उडाले. ही विमानं आपल्या ओझरलाही बनत. विमान गेलं तरी स्क्वाड्रनचं नाव पुसत नाहीत, जपून ठेवतात. 17 व्या स्क्वाड्रनचं 'गोल्डन अ‍ॅरोज' हे नाव तिची मिग-21 विमानं आधीच गेल्यावर असंच बाजूला ठेवलं होतं. सप्टेंबर 2019 मध्ये ते राफेलसाठी पुन्हा काढलं.